वाकल्याशिवाय वर जाता येत नाही

त्या राजवाड्यात ताठ मानेने शिरलेला माणूस अजून जन्माला यायचाय, असं व्हिल्माबाई म्हणायच्या, आणि त्यात फुशारकी मुळीच नव्हती.

ब्रातिस्लाव्हाच्या जुन्या शहरात, गोल दगडांच्या चौकाला लागून तो राजवाडा आहे. पुढे ग्रीक देवळासारखे उंच खांब, त्यावर त्रिकोणी माथा, आत गेलं की दोन्ही अंगांनी वर चढणारा रुंद जिना. कुणा सरदाराने आपल्या हौसेसाठी बांधला. सरदार गेला, बादशहा गेले, मग पक्षाचे पुढारी आले आणि तेही गेले. भिंतींना चारपाचदा रंग बदलून झाले. वरच्या मजल्याची लाकडी जमीन मात्र पहिल्यापासून तीच. ओक आणि अक्रोडाचे तुकडे चटईच्या विणीसारखे बसवलेले, आणि आरसेमहालात तर त्यांची अशी नक्षी की पाय टाकावासा वाटू नये. त्या जमिनीला बुटाचा तळवा लागू द्यायचा नाही, हे व्हिल्माबाईंचं काम.

जिन्याच्या पायथ्याशी दोन मोठ्या लाकडी पेट्या होत्या. एकीत बायकांच्या मापाच्या सपाता, दुसरीत पुरुषांच्या. जाड नमद्याच्या, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीच्या, करड्या, होडीएवढ्या. बुटावरूनच चढवायच्या, मागच्या लांब नाड्या घोट्याभोवती फिरवायच्या आणि पुढे गाठ मारायची. व्हिल्माबाईंचे गुडघे दुखत, त्यामुळे त्या कुणाला बांधून देत नसत. ज्याच्या त्याने बांधायच्या. त्यासाठी शेजारी एक बाक होता खरा, पण बाकावर बसूनसुद्धा कमरेत वाकावं लागतंच. व्हिल्माबाई पेटीमागे पोटावर हात बांधून उभ्या, आणि पुढ्यात आलेला माणूस खाली मान घालून नाड्यांशी झटतोय, असा देखावा दिवसभर चाले.

"मंत्री वाकले, राजदूत वाकले," त्या सांगायच्या. "तो ऑपेरातला जाड्या गवई तर इतका वेळ वाकला की मला वाटलं आता तिथेच निजतो."

"आणि उद्या बिशपसाहेब आले तर?" तिकिटाच्या खिडकीतून हेर्मिना विचारायची. हेर्मिना त्यांची जुनी मैत्रीण. तिची जीभ तिकिटं फाडण्याच्या यंत्रापेक्षा जास्त चालायची.

"त्यांनाही सपाता. आधी नाड्या, मग आशीर्वाद."

पण व्हिल्माबाईंची खरी करामत सपाता देण्यात नव्हती. राजवाडा सोमवारी बंद असे, तेव्हा आणि मोठ्या समारंभाच्या सकाळी जमिनीला मेण लावायचं कामही त्यांच्याकडेच असे. मेण लावणं सोपं. ते घासून चमकवणं म्हणजे हाडांचा भुगा. तेव्हा त्यांनी मनाशी एक हिशेब केला, की एवढी माणसं रोज नमदा पायात बांधून वर जातात, तर त्यांच्या पायांनी ते काम का होऊ नये? अडचण एवढीच की माणसं शहाणी नसतात. सगळी मधून चालतात. मधली वाट काचेसारखी लखलखते आणि कोपरे आंधळे राहतात. मग व्हिल्माबाई माणूस बघून त्याला त्याचा कोपरा नेमून द्यायला लागल्या.

"तुम्ही का? तुम्ही पडद्यांवरचं भरतकाम बघा. खिडकीकडून, अगदी जवळून. हो, तिथेच. आणि जरा हालचाल ठेवा, एका जागी उभं राहिलं की रंग नीट कळत नाहीत."

एकदा नवीन लग्न झालेलं एक जोडपं आलं. नवरी म्हणाली, "आम्हाला फक्त झुंबरं बघायचीत."

"झुंबरं गोल गोल फिरत बघायची असतात," व्हिल्माबाई गंभीरपणे म्हणाल्या. ती दोघं अर्धा तास एकमेकांचे हात धरून गरगरत राहिली, आणि आरसेमहालाचा मधला चौक असा निघाला की हेर्मिना खास बघायला वर गेली.

व्हिल्माबाईंचा नवरा मुलगी लहान असतानाच गेला होता. शाळा सुटली की यार्मिला सरळ राजवाड्यात यायची. पेटीमागे बसून अभ्यास करायची, आणि शेवटचा पाहुणा उतरला की मोठ्यांच्या सपाता पायात बांधून वर पळायची. चिनी मातीच्या उंच शेगडीपासून सुरुवात करून थेट आरशापर्यंत घसरत जायची. तिला मागून पुढे, दुहेरी गाठ मारायला व्हिल्माबाईंनी शिकवलं, कारण एकेरी गाठ घसरताना सुटते. दुसऱ्या मुली बागेत खेळून मोठ्या झाल्या, यार्मिला आरसेमहालात.

पुढे ती परिचारिका झाली आणि व्हिएन्नाच्या इस्पितळात लागली. व्हिएन्ना काही लांब नाही, बसने तासाभराची वाट. सुट्टी मिळाली की ती घरी यायची, सूप प्यायची, धुणं घेऊन यायची, आणि रविवारी संध्याकाळी परत. व्हिल्माबाई बसथांब्यापर्यंत जायच्या. बस दिसली की मुलीच्या कपाळावर अंगठ्याने लहानसा क्रूस काढायच्या. त्यांच्या आईने त्यांच्या कपाळावर काढला होता, आजीने आईच्या. त्या घरात पाव कापायच्या आधी सुरीने त्यावर क्रूस काढत, मग कापत. लेकरू दाराबाहेर पडताना तेच त्याच्या कपाळावर. त्याशिवाय पाव पोटात जात नसे आणि लेकरू बसमध्ये चढत नसे. यार्मिला तिशी उलटून चाळिशीकडे निघाली तरी बसथांब्यावर, सगळ्यांच्या देखत, कपाळ पुढे करायची.

त्या वसंतात एका रविवारी ती सूप पिता पिता म्हणाली, "आई, मी लग्न करतेय."

व्हिल्माबाईंच्या हातातला चमचा ताटलीवर वाजला. इतकी वर्षं ज्याच्यासाठी मारियामातेपुढे मेणबत्त्या लावल्या, ते असं शेवयांच्या सुपाबरोबर येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"कोण आहे?"

"वोयतेख. इथलाच आहे. ट्राम चालवतो."

"ट्राम चालवणं चांगलं काम आहे," व्हिल्माबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे एव्हाना गावातलं चर्च आलं होतं, घंटा वाजायला लागली होती. "मग पाद्रीबाबांना आजच भेटू. सप्टेंबरमधली तारीख—"

"आई." यार्मिलाने पावाचा तुकडा मोडला आणि खाल्ला नाही. "त्याचं आधी लग्न झालंय. चर्चमध्ये. ते मोडलं. बायको परदेशी गेली ती गेलीच. चर्च आमचं लग्न लावणार नाही."

व्हिल्माबाई ओरडल्या नाहीत. उठल्या, भांडी घासली, घासलेली भांडी परत घासली.

"आम्ही सरकारी लग्न करू. राजवाड्यातच. आरसेमहालात होतात ना शनिवारी. मला तिथेच हवंय, आई."

"करा," पाठमोऱ्याच व्हिल्माबाई म्हणाल्या. "मी खाली असेनच. सपाता कुणीतरी द्यायला हव्यात."

"आणि निरोप? आशीर्वाद?"

तिकडे लग्नाला निघण्याआधी मुलगी आईबापांपुढे गुडघे टेकते. लग्नाचा पुढारी म्हणून एक वडीलधारा नेमलेला असतो, तो तिच्या वतीने आईबापांची क्षमा मागतो, त्यांचे उपकार मोजतो आणि आशीर्वाद मागतो. आई कपाळावर क्रूस काढते. मग वरात निघते ती चर्चकडे.

"तो चर्चला निघताना देतात," व्हिल्माबाई म्हणाल्या. "सही करायला निघताना नाही."

त्या संध्याकाळी त्या बसथांब्यावर गेल्या. बस आली. यार्मिलाने कपाळ पुढे केलं. व्हिल्माबाईंचा हात कोटाच्या खिशातच राहिला. अंगठा आतल्या आत शिवणीवरून फिरत होता, पण बाहेर काही आला नाही. बस निघून गेल्यावर त्या थांब्याच्या बाकावर खूप वेळ बसून होत्या. राग नव्हता. त्यांचा देवाशी जन्मभराचा सरळ व्यवहार होता, आणि आता जे त्याच्या घरातून मिळालेलं नाही त्यावर त्याचंच चिन्ह कसं उमटवायचं, हे त्यांना उमजत नव्हतं. लेकीला फसवायचं नव्हतं आणि देवालाही.

हेर्मिनाला हे कळलं तेव्हा ती खिडकीतून अर्धी बाहेर आली. "अंगठा तुझा आहे की बिशपचा?"

"तू आपली तिकिटं फाड."

"फाडते की. पण तू तुझ्या पोरीला फाडू नकोस."

महिन्याचा पहिला रविवार आला. त्या दिवशी राजवाड्यात सगळ्यांना फुकट सोडत, त्यामुळे पेट्यांपुढे झुंबड. त्या झुंबडीतून एक धिप्पाड माणूस टोपी हातात घेऊन पुढे आला. डोक्यावर विरळ केस, डोळे मात्र शाळकरी पोरासारखे.

"नमस्कार. मी वोयतेख."

व्हिल्माबाईंनी त्याला वरून खाली पाहिलं आणि पायांशी थांबल्या. "केवढा पाय हा! तुमच्या मापाची जोडी पेटीच्या तळाशी आहे. काढून घ्या."

वोयतेख पेटीत कमरेपर्यंत शिरला, सपाता काढल्या, वाकला, नाड्या बांधल्या. एकेरी गाठ. व्हिल्माबाई ती गाठ बघून म्हणाल्या, "आरसेमहालात डाव्या हाताला चिनी मातीची शेगडी आहे. तिच्यामागचा कोपरा बघा."

"तिथे काय आहे?"

"नीट बघितलं की दिसेल. घाई करू नका."

तो गेला. एक तास झाला, दुसरा होत आला. गर्दी ओसरली. व्हिल्माबाई सारख्या जिन्याकडे बघत होत्या आणि बघत नसल्यासारखं करत होत्या. शेवटी तो उतरला, घामाघूम.

"दिसलं," तो म्हणाला.

"काय दिसलं?"

"माझं तोंड. जमिनीत."

हेर्मिना खिडकीत एवढी हसली की सुट्टे पैसे सांडले. व्हिल्माबाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण त्यांनी तो जागच्या जागी आणला.

वोयतेख पुढच्या पहिल्या रविवारी आला, त्याच्या पुढच्याही. दर वेळी विचारायचा, "आज कुठला कोपरा?" आणि जायचा. लग्नाबद्दल अवाक्षर नाही, रदबदली नाही. एकदा फक्त सपाता परत पेटीत टाकताना म्हणाला, "व्हिल्माबाई, ट्राम रुळावरून वळवता येत नाही. रूळ मोकळा होईपर्यंत आम्ही थांबतो. सवय असते."

"लोक घंटा बडवायला सांगत नाहीत?"

"सांगतात. बडवून रूळ मोकळा होत नाही."

त्या रात्री प्रार्थना म्हणताना व्हिल्माबाईंनी नेहमीच्या नावांच्या शेवटी त्याचंही नाव घेतलं. प्रार्थना करायला काही हरकत नव्हती. प्रार्थना कुणासाठीही करता येते. अंगठ्याचं मात्र काही ठरत नव्हतं. यार्मिला येत होती, जात होती, बसथांब्यावर आता दोघी हवेवर बोलायच्या.

लग्नाच्या शनिवारी व्हिल्माबाईंनी निळा ठेवणीतला पोशाख घातला आणि त्यावर कामाचा डगला चढवला. यार्मिला आरशापुढे केसांत फुलं खोवत होती.

"आई, आज तरी थांब ना. गाश्परमामा येईल थोड्या वेळात. निरोपाचं सगळं तोंडपाठ करून येतोय."

"जमिनीला मेण लावायचंय," व्हिल्माबाई म्हणाल्या. "एवढी माणसं येणार, जमीन मळकट दिसायला नको." दारात त्या क्षणभर थबकल्या. "पोशाख छान दिसतोय," एवढं बोलून गेल्या.

गाश्पर हा व्हिल्माबाईंचा थोरला भाऊ. गावाकडून, ओरावाच्या डोंगरातून, अख्खी बस भरून नातलग घेऊन निघाला होता. लग्नाचा पुढारी तोच. टोपीला पांढरी फीत, हातात फितींनी सजवलेली काठी, आणि घशात महिनाभर घोटलेलं भाषण. घरी पोचला तर भाषण ऐकायला आईच नाही. रिकाम्या स्वयंपाकघरापुढे त्याने एकदा घसा खाकरला आणि मग सगळ्यांना बसमध्ये परत चढवलं.

राजवाड्याच्या जिन्यापाशी तो तणतणतच आला. "व्हिल्मा, हे काय? माझं भाषण अडकलंय इथे!" त्याने घशावर बोट ठेवलं. "गरम बटाट्यासारखं. गिळवत नाही, थुंकवत नाही."

"पाणी पी. आणि काठी जमिनीवर आपटू नकोस, तो संगमरवर आहे."

व्हिल्माबाईंच्या हातांना अजून मेणाचा वास होता. आरसेमहालाला त्यांनी सकाळी आल्याआल्या एकटीने मेण लावलं होतं, घासायचं पाहुण्यांच्या पायांवर सोडून. सपाता काढायला त्या पेटीकडे वळल्या, आणि परत बघतात तो बसमधल्या बायकांनी जिन्याच्या कडेला बूट काढून ठेवायला सुरुवात केलेली. पाठोपाठ पुरुषांनी. नीट भिंतीला टाचा लावून, जोडीने, जसे घरोघरी उंबऱ्याच्या आत काढतात. टाचेच्या चपला, काळे पॉलिश केलेले बूट, गाश्परच्या मेव्हण्याचे लग्नासाठी मागून आणलेले.

"अगं बायांनो, काढू नका! बुटावरूनच चढवायच्या!"

"बुटावरून?" तेरेझियाकाकू, गावातली सगळ्यात जाड आणि सगळ्यात टापटिपीची बाई, मोज्यांवर उभी राहून म्हणाली. "घाण आत ठेवायची आणि वरून झाकायची? शी! हे शहरातल्यांचं. कुणाच्या घरात बूट घालून जातात का?"

"हे कुणाचं घर नाही, काकू. राजवाडा आहे."

"राजवाड्यात कुणी राहतच नव्हतं की काय!"

एव्हाना सगळी मोज्यांवर. होडीएवढ्या सपाता मोज्यांवर थोड्याच राहतात? नाडी आवळावी तर सपात पुढून निघे, पुढून धरावी तर मागून. बाकावर तीन काकू बसल्या आणि बाक भरला. उरलेले एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून एका पायावर उड्या मारत होते. "माझी डावी कुणी घेतली?" "दोन्ही सारख्याच आहेत, बाबा, यात डावी-उजवी नसते!" "माझ्या पायाची आणि तुझ्या पायाची नाडी एकत्र बांधलीयस, मूर्खा!" वरून लग्न लावणारी सरकारी बाई दोनदा डोकावून गेली. एकदा घड्याळाकडे बघत, एकदा हसू दाबत.

तेवढ्यात खांबांमधून उन्हासकट यार्मिला आत आली. पांढरा साधा पोशाख, केसांत रानफुलं. पाठीमागे वोयतेख, काळ्या कोटात घुसमटलेला. गर्दीने वाट दिली. बाक भरलेला, काकूंना उठता येत नाही कारण त्यांच्या नाड्या अर्ध्या बांधलेल्या. व्हिल्माबाईंनी पेटीतून दोन जोड काढले. लेकीचा पोशाख असा की तिला वाकून पाय दिसणार नाहीत.

"मी बांधतो," वोयतेख म्हणाला आणि गुडघ्यांवर बसला. त्याने नाडी घोट्याभोवती फिरवली. एकेरी गाठ मारली.

"अशी नाही," व्हिल्माबाईंच्या तोंडून निघून गेलं. "सुटेल. आज जमिनीला ताजं मेण आहे. लग्नातच आपटेल ती."

"मग कशी?"

"मागून पुढे. आणि दुहेरी."

वोयतेखने परत सोडली, परत बांधली. ट्रामचे लिव्हर हलवणारी बोटं ती, नाडीत नाडी अडकली. "थांब," यार्मिला म्हणाली आणि पांढऱ्या पोशाखासकट खाली बसली. "बघ, अशी." तिने स्वतःची बांधली, मग त्याच्या सपातेची नाडी आपल्याकडे ओढली आणि त्याचीही बांधायला लागली. दोघांची डोकी एकमेकांना लागली होती. दोघंही गुडघ्यांवर, पेटीपुढे, आणि पेटीमागे व्हिल्माबाई.

गाश्परने हे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर, चार दिवस हरवलेली गाय अचानक दारातच उभी दिसावी, तसा उजेड पडला. त्याने टोपी सरळ केली आणि काठी संगमरवरावर दाणकन आपटली.

"गाश्पर! काठी!"

"प्रिय आई!" गाश्पर गरजला. सगळ्यांच्या उड्या थांबल्या. "आज तुझी लेक तुझ्या दारात, तुझ्यापुढे गुडघे टेकून—"

"ती नाडी बांधतेय, गाश्पर. आणि हे माझं दार नाही. घर नाही हे."

गाश्परने भिंतीकडे काठी दाखवली. जिन्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बूट आणि चपला, जोडीजोडीने, टाचा भिंतीला. "सगळ्यांनी बूट काढून ठेवलेत, व्हिल्मा. घर नाही तर काय आहे?"

तेरेझियाकाकूंनी बाकावरून जोरात मान हलवली.

मग गाश्परचा आवाज खाली आला. पाठ केलेलं पुढचं सगळं तो विसरला असावा, कारण जे बोलला ते अगदी साधं होतं. "तू हिला एकटीने वाढवलंस. हिच्यामुळे तुला रात्री जागाव्या लागल्या असतील, रडावं लागलं असेल, त्याची ती क्षमा मागते. तू घातलेल्या पावाबद्दल आभार मानते. आणि निघायच्या आधी जे मागायचं असतं, ते मागते. एवढंच."

यार्मिलाने मान वर केली नाही. ती दुहेरी गाठ मारत होती आणि गाठ काही संपत नव्हती. व्हिल्माबाईंना फुलांमधून तिचा भांग दिसत होता. हाच भांग, पेटीमागे वहीवर वाकलेला, त्यांनी किती संध्याकाळी पाहिला होता. ही पोरगी याच घरात वाढली. मग ती आज निघणार कुठून? इथूनच ना. देव काही चर्चला कुलूप लावून आत बसलेला नसतो, ही जमीन घासताना त्या त्याच्याशीच तर बोलत आल्या होत्या. तो तेव्हा ऐकत होता आणि आज इथे नसेल, असं कसं म्हणायचं? लेकरू दाराबाहेर पडतंय, आणि दाराबाहेर पडणाऱ्या लेकराला काय करायचं हे त्यांच्या अंगठ्याला माहीत होतं.

त्या पेटीमागून पुढे आल्या.

"अंगठ्याला मेण आहे," त्या म्हणाल्या.

"असू दे, आई."

व्हिल्माबाईंनी लेकीचं कपाळ वर केलं आणि त्यावर क्रूस काढला. सावकाश, मागच्या चार-पाच महिन्यांचे राहिलेले सगळे त्यात भरून. हेर्मिना तिकिटाच्या खिडकीतून नव्हे, दारातून बाहेर येऊन उभी होती आणि नाक पुसत होती. रांगेतल्या दोन परदेशी पाहुण्यांनी काही न समजून टोप्या काढल्या.

वोयतेख अजून गुडघ्यांवरच होता. उठावं की नाही हे त्याला कळत नव्हतं. तो थांबला होता, रूळ मोकळा व्हायची वाट बघत.

"वाकलाच आहेस," व्हिल्माबाई त्याला म्हणाल्या, "तर जरा पुढे हो. एवढ्या लांब माझा हात पोचत नाही."

त्याच्या रुंद कपाळावर दुसरा क्रूस उमटला. मग गाश्परने पुन्हा काठी आपटली, आणि या वेळी व्हिल्माबाई काही बोलल्या नाहीत.

"चला, वर चला! सरकार थांबलंय!" तो ओरडला.

व्हिल्माबाईंनी डगला काढून पेटीवर टाकला, निळ्या पोशाखाची सुरकुती झटकली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"थांबा!" मागून हेर्मिनाचा आवाज. "सपाता कुठायत?"

"मी? माझ्या पायात मऊ चपला आहेत. मी रोज—"

"रोज कामाला जातेस. आज पाहुणी आहेस. मंत्री वाकले, राजदूत वाकले! वाकल्याशिवाय वर नाही!"

सगळ्या बसने तेच धरलं. "वाकल्याशिवाय वर नाही!" व्हिल्माबाईंनी गुडघ्यांकडे पाहिलं, मग पेटीकडे. आजपर्यंत त्यांनी कधी स्वतः त्या सपाता घातल्या नव्हत्या. त्या कशाबशा कमरेत वाकल्या खऱ्या, पण हात घोट्यापर्यंत पोचेना. तेव्हा वोयतेखच परत खाली बसला. मागून पुढे, दुहेरी गाठ. या वेळी पहिल्या झटक्यात बसली.

"पेट्यांकडे कोण बघणार?" व्हिल्माबाईंनी जाता जाता विचारलं.

"मी बघते," हेर्मिना म्हणाली. "बिशपसाहेब आले तर आधी नाड्या. माहितीय मला."

वर आरसेमहालात लग्न पाच मिनिटांत लागलं. सरकारी बाईने विचारायचं ते विचारलं, दोघांनी सांगायचं ते सांगितलं. मध्येच ती थांबली आणि यार्मिलाकडे झुकून हळूच म्हणाली, "तुमच्या कपाळाला काहीतरी चकाकतंय. आणि यांच्याही. पुसून घेता का? फोटो काढायचेत."

"नको," दोघंही एकदम म्हणाली.

चारी बाजूंच्या आरशांत मेणाचे ते दोन पिवळसर क्रूस कुठे कुठे दिसत होते, झुंबरांखाली, खिडक्यांपाशी, अगदी दूर शेगडीजवळसुद्धा. व्हिल्माबाई पहिल्या रांगेत आईच्या जागी बसल्या होत्या आणि रुमाल शोधत होत्या. रुमाल खाली डगल्यात राहिला होता. तेरेझियाकाकूंनी आपला पुढे केला.

मग गळाभेटी झाल्या, गाश्परची आलुबुखाराच्या दारूची बाटली कोटातून निघाली आणि हातोहात फिरली, आणि त्याच्या मेव्हण्याने अकॉर्डियन काढलं. सगळी मंडळी मध्यभागी गोळा झाली, मोज्यांवर, करड्या सपातांत, एकमेकांना धरून डुलायला लागली. व्हिल्माबाईंनी डोळे पुसले, जमिनीवरून नजर फिरवली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"अहो, सगळे मध्येच काय नाचताय?" त्या ओरडल्या. "गाश्पर, त्या खिडकीकडे घे यांना. तिथलं मेण अजून तसंच आहे!"

आणि अख्खी वरात, नवरा-नवरीसकट, घसरत घसरत खिडकीकडे निघाली.